डाव्या अंगाची जागा

"हा उजवा बैल हाय," तातेराव म्हणाले. "याचा डावा जोडीदार दिवाळीच्या आधी मेला. तवापासून हा असाच उभा राहतो. ती बाजू मोकळी सोडून."

सुमेधाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती आली होती राहायला जागा बघायला, आणि हे बैलाचं पुराण कुठून निघालं!

जागा तशी नामी होती. तीर्थपुरीच्या बाहेर, दोन खोल्या, मागं विहीर, विहिरीला लागून गोठा. मालक लेकाकडं शहरात राहायला गेलेला, जनावरं तेवढी इथंच टाकून. शेजारच्या तातेरावांना आठवण झाली तर कडब्याची पेंढी पडायची, न्हाई झाली तर न्हाई. म्हैस कोरडा हौद चाटत होती. बैलाची खुरं वाढून वाकडी झालेली, कानात गोचीड भरलेले, म्होरकीची दोरी नाकाडात रुतलेली. आणि असा हा मरतुकडा गव्हाणीच्या एका टोकाला अंग चोरून उभा होता. शेजारी अख्खा बैल मावेल एवढी जागा रिकामी.

"मंग नवा जोडीदार आणायचा," राजानंद म्हणाला.

"आणल्ता की. ढुशा मारून पळवला यानं."

झालं. सुमेधाला वाटलं, हे आपल्यालाच ऐकवून राह्यले.

राजानंद तिचा नवरा. दीड वर्षापूर्वी लग्न झालं, दोघांचंही दुसरं. त्याची पहिली बायको कौसल्या आजारानं गेलेली. मेलेल्या बाईवर काय जळायचं, असं कुणीही म्हणेल. पण सवत मातीची असली तरी सोसवत नाही, आणि ही तर गावाच्या तोंडी रोज जिती होती. कौसल्या म्हंजे गरीब गाय. कौसल्या कधी नवऱ्याला उलटून बोलली न्हाई. उलट सुमेधाचं तोंड म्हणजे पाण्याची मोटर, लाइट आली की सुरू. सासरच्या बायका दोघींना असं शेजारीशेजारी ठेवून बोलायच्या, अन् हिला आतल्या आत आग लागायची. त्या घरात राहायचं नाही असं तिनंच ठणकावलं होतं. म्हणून तर ही शोधाशोध.

पण घर बदलून काय होणार? खरी जागा नवऱ्याच्या डाव्या अंगाला होती, अन् ती तिला मिळतच नव्हती. लग्नाच्या दिवशी विहारात फोटोवाला म्हणाला, वहिनी, तुम्ही डावीकडं या. रीतच आहे ती, बायको डावीकडं. तर या गड्यानं सगळ्यांदेखत तिचा दंड धरून तिला उजवीकडं घेतलं. तेव्हापासून चालताना उजवीकडं, खाटेवर उजवीकडं, जेवताना उजवीकडं. एकदा ती हट्टानं डावीकडं जाऊन बसली, तर ही बोलतेय बोलतेय आणि हा आपला मुक्यासारखा समोर बघतोय. त्या दिवशी तिनं मनाशी गाठ मारली. ती बाजू कौसल्याची, तिथं दुसरीला थारा न्हाई.

तातेराव म्हशीला सोडायला गेले. राजानंदनं विहिरीतून पाणी शेंदलं, बैलापुढं बादली धरली. बैल घटाघटा प्याला. मग म्होरकी सैल करून तो त्याच्या कानातले गोचीड एकेक करून उपटायला लागला, अगदी मायेनं. बघा, जनावरासाठी सवड आहे! सुमेधा सरळ त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"मला भोकरदनला सोडा. भावाकडं. आजच."

त्यानं बैलाचा कान उलटा करून पाहिला.

"आवो, कायमचं जायचं म्हणून राह्यले मी!"

हूं नाही की चूं नाही. सुमेधाचा तोल सुटला. तिनं त्याचा खांदा धरून त्याला गर्रकन फिरवलं.

"तिचीच जागा जपायची होती तर मला कशाला आणलं? या बैलासारखं एकटं उभं राहायचं होतं!"

"कुणाची जागा?" तो गोंधळून तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"कौसल्याची! ही डावीकडची!"

राजानंद हौदाच्या कठड्यावर बसला. त्यानं डाव्या कानाला हात लावला.

"तो कान मेलाय माझा," तो म्हणाला. "विहिरी खोदायच्या कामावर व्हतो तवा सुरुंगात गेला. तू नकार देशील म्हणून बोललो न्हाई. तुझं बोलणं बराबर ऐकू यावं, म्हणून तुला हिकडं घेतो."

सुमेधा त्याच्या उजवीकडं येऊन टेकली.

"आणि कौसल्याला ठाव होतं?" तिनं विचारलं.

"तवा कान गेलाय हे मलाच ठाव नव्हतं. ती गेल्यावर दवाखान्यात कळलं. ती रीतीनं डावीकडंच राह्यची. चालताना, निजताना. पोटात दुखतंय म्हणून वर्षभर मला सांगत होती म्हणं, तिची माय बोलली मागून. अन् मी चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगायचो, माझ्या बायकोची कशाची म्हणून तक्रार न्हाई."