आबनुसाचं पेन

"चालू लेथला हात लावायचा नाही," ती म्हणाली, तेव्हा कुठे दादा मागे सरला. बटण बंद करायलाच निघाला होता तो. धाकटी बहीण ऐकत नाही म्हटल्यावर त्याचा पारा चढायचाच.

लेथवर आबनुसाचा तुकडा गरगरत होता. गल्लीतली ती एकुलती एक कातारीण. परदेशातून येणारं हे काळं, लोखंडासारखं लाकूड हाताळायला भलेभले कातारी कचरत. जरा घाई केली की ते तापतं आणि तडकतं. दोन तुकडे असेच वाया गेले होते. हा तिसरा.

"उद्या सही झाली की परत फिरता येणार नाही," दादा म्हणाला.

"फिरायचंय कुणाला?"

"ताट भिरकावलं म्हणून कुणी घटस्फोट घेतं का? तापट आहेत ते, पण मनाने वाईट नाहीत."

"ते काही पहिलं ताट नव्हतं. तुलाही माहितीये."

तिने पटाशी टेकवली. काळी भुकटी उडून चष्म्यावर बसली.

"आणि तेही या वयात! लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. चूळ भरायला पाणी आहे घरात."

"निदान आईचा तरी विचार कर."

"तिचाच करतेय."

दादा धपकन स्टुलावर बसला. "सहीच करायची ना? माझं बॉलपेन घे. एवढा खटाटोप कशाला?"

"लग्नाला एवढा थाट करतात. सुटकेला एक पेन तरी नको?"

"पण केवढं जाड करतेयस!"

"हात थरथरला तरी निसटायला नको."

संध्याकाळपर्यंत तिने ते घासून, मेण चोळून आरशासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंच्या ऑफिसात चौघंही वेळेवर हजर होते. ते एकटेच टेबलापलीकडे हाताची घडी घालून बसले. अलीकडे आई आणि तिच्या शेजारी ती. दादा दारातच उभा राहिला.

"अजून वेळ गेलेली नाही," ते म्हणाले. "मुकाट्याने घरी चल. मी काही बोलणार नाही."

कुणीच उठलं नाही.

वकीलबाईंनी अर्ज पुढे सरकवला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

तिने पेनाचं टोपण काढलं आणि पेन शेजारच्या सुरकुतलेल्या हातात दिलं.

"कर सही, आई. बाबा खोळंबलेत."