बाहेरचा दोर

टोपलं विहिरीतून वर येत होतं आणि सहादेवची नजर दोरावर खिळली होती. तारेचा दोर क्रेनच्या चाकावरून सरकत होता. एके ठिकाणी त्याच्या तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. तो भाग चाकावर आला तसा कट्ट आवाज झाला, टोपल्याला हिसका बसला. टोपल्यात नितीन उभा होता. सहादेवच्या थोरल्या बहिणीचा, ज्योतीचा नवरा. त्याच्या पायाखाली साठ फूट विहीर आणि तळाला काळा खडक.

टोपलं काठाला लागलं. नितीन उतरला, तोंडावर पाणी मारलं आणि हसला.

"काय पाव्हणं, उतरलो मी आन् घाम तुमाला?"

सहादेवला हसू आलं नाही.

तो नगरच्या एमआयडीसीत दोराच्या कारखान्यात कामाला होता. मागं परदेशी दोर इतका स्वस्त येऊ लागला, की कारखान्याची एक पाळी बंद पडली. सहादेव कित्येक महिने घरी बसला. बायकोनं दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली तेव्हा चूल पेटली. मग सरकारनं परदेशी दोरावर कर बसवला. पाळी पुन्हा सुरू झाली, सहादेव कायम झाला. आता तो कर उठणार अशी कुणकुण होती. सोमवारी दिल्लीचे अधिकारी नगरला येणार होते. दोर वापरणाऱ्यांपैकी कुणीतरी त्यांच्यासमोर कराच्या बाजूनं बोलावं, म्हणून मालकानं कामगारांना गावोगाव धाडलं होतं. सहादेव पारनेरकडच्या या माळावर आला तो त्यासाठीच. क्रेनमालक रंभाजी ओळखीचे, नितीन त्यांच्याच हाताखाली विहिरी खणायचा. नाही म्हणणार नाहीत, असं त्याला वाटलं होतं.

त्यानं दोर जवळून पाहिला. त्यांच्या कारखान्याच्या दोरात एक पिवळा धागा असतो. यात तो नव्हता, म्हणजे दोर बाहेरचा. सहादेवला जरा धीर आला. त्यानं रंभाजींना तेच दाखवलं. म्हणाला, बाहेरचा माल असाच, स्वस्त म्हणून घ्यायचा आणि जिवावर बेतायचं. आज बाहेरचे स्वस्त देतात, उद्या इथले कारखाने बुडाले की वाटेल तो भाव लावतील.

रंभाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं, की दोर चांगलाच होता, पण त्याचं आयुष्य कधीच सरलं. पूर्वी ते दर वर्षी नवा घालायचे. एका साली बदलायला गेले तर कर बसलेला. बाहेरचा महागला, तसा सहादेवच्या कारखान्यानंही भाव चढवला. तेव्हापासून हाच दोर चाललाय. क्रेन उभी केली तर सगळी माणसं घरी बसतात. ते स्वतःही याच दोरावर उतरतात.

सहादेवनं मनात साल मोजलं. भाव चढला त्याच साली तो कायम झाला होता.

तेवढ्यात नितीन उठला. तळाला फोडलेला दगड अजून उपसायचा होता. त्यानं टोपल्याच्या काठावर पाय टाकला.

"येतो मी सोमवारी," रंभाजी म्हणाले. "कर ऱ्हाऊ द्या, आसंच बोलतो. तुजी नोकरी जावी आसं मला न्हाई वाटत. फकस्त आत्ता दाजींना तू तुज्या तोंडानं सांग, याच दोरावर हिरीत उतरा म्हनून."

क्रेनवाल्यानं इंजिन चालू केलं. दोर ताठ झाला. तुटक्या तारा उन्हात चमकल्या. सहादेवच्या डोळ्यांपुढं बंद पाळीचं कुलूप आलं, दुसऱ्याच्या रानात वाकलेली बायको आली. टोपलं जमिनीवरून सुटलं. तसा तो धावला आणि त्यानं दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं.

"दाजी, टोपल्यातनं भायेर या. न्हाई जायचं."

इंजिन थांबलं. नितीन काही न कळून त्याच्याकडं बघत राहिला. सहादेवचे हात टोपल्यावरून सुटत नव्हते. तसाच मान वळवून त्यानं रंभाजींना हळूच विचारलं,

"कर उठला, तर नवा दोर किती दिसांत येईल?"