चालायची वेळ

काचेवर टकटक झाली तेव्हा वृषाली बागेबाहेर गाडीत सीट मागे करून झोपली होती. बाहेर सासूबाई उभ्या होत्या. "मोबाइल घरीच राहिला तुझा. बँकेतून दोनदा फोन आला."

साखर वाढल्यावर डॉक्टरांनी तिला रोज तासभर चालायला सांगितलं होतं. बँकेतल्या नोकरीमुळे वेळ सकाळीच मिळायचा. "डब्यांचं मी बघते, तू जा," असं सासूबाईच म्हणाल्या होत्या. आठवडाभर ती चालली. मग महिनाभर इथे येऊन नुसती झोपत होती.

दुखऱ्या गुडघ्यांनी त्या एवढं चालत आल्या होत्या. मोबाइल घेताना तिला त्यांच्या बोटांना चिकटलेलं भाकरीचं पीठ दिसलं. तिला मान वर करवेना.

"आई, मी…"

"झोप हवी होती तर सांगायचंस," त्या म्हणाल्या. "घरीच झोपू दिलं असतं गं."