तीन बोटं विभूती

या, असे जवळ सरका. होस्पेटच्या कोट्रेशची गोष्ट सांगतो; घासभर आहे, पण मायेची आहे.

खंडेनवमीची दुपार होती. सलग भाडी मारून आलेला कोट्रेश दारात आपल्या टॅक्सीवर नळीनं पाणी सोडत होता. खाणींच्या लोखंडी मातीची तांबडी पुटं गाडीवर बसली होती. ती कोरडी पुसली की रंगावर ओरखडे उठतात. म्हणून आधी नुसतं पाणी, मग फेस, मग मऊ फडकं, तेही वरून खाली. फडकं एका बादलीत खळबळायचं, साबण दुसरीतून घ्यायचा. हात जड झाले होते, पण घाई करून चालणार नव्हतं. उद्या सकाळी हॉटेलचा माणूस गाडी बघायला येणार होता. पसंत पडली तर वर्षभर पाहुण्यांची ने-आण. रात्री-अपरात्री स्टँडवर ताटकळणं संपलं.

"लग्नात नवरीलासुद्धा इतकी हळुवार हळद लावत नाहीत रे, कोट्र्या!" शेजारचा मंजण्णा जाता जाता ओरडला. कोट्रेशला हसायचंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात त्याची आई हंपव्वा पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. तिची तीन बोटं विभूतीनं माखलेली होती.

"अव्वा, बॉनेटवर नको."

"सणाच्या दिवशी गाडीचं कपाळ मोकळं ठेवू?"

"गेल्या वर्षी तू पट्टे ओढलेस, अन् दुसऱ्या दिवशी समई घासावी तसे काथ्यानं घासून काढलेस. तीन ओरखडे उठले. त्यांच्यापायीच हॉटेलवाल्यानं गाडी परत धाडली. आता नवा रंग दिलाय, अव्वा. पाया पडतो तुझ्या."

हंपव्वेची बोटं तशीच हवेत राहिली. देवाचं नाव घेऊन उचललेली विभूती, ती ताटात परत कशी ठेवायची?

"मग तू वाक खाली," ती म्हणाली. "गाडी हाकणारा तूच ना?"

तो वाकला. तिनं त्याच्या कपाळावर तीन पट्टे ओढले, आणि हात तिथंच थबकला.

"अरे लेका, केवढा ताप आहे हा! कधीपासून?"

कोट्रेशनं नजर टपाकडे वळवली. टपावरचा फेस उन्हात वाळायला लागला होता. वाळला की डाग राहतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या हाताखालून त्याला डोकं काढवेना.

हंपव्वेनं एक हात कपाळावर तसाच ठेवून दुसऱ्या हातानं त्याची नळी काढून घेतली.

"घासणार नाही. नुसतं पाणी सोडते. तू मीट डोळे."

मंडळी, तापल्या कपाळाला कुणाचा गार हात लागला, की या हंपव्वेचं स्मरण असू द्या.