सेगुंदोची पुरचुंडी

या मायबापहो, जवळ सरका. आमच्या माचाला शहराजवळच्या केळीच्या मळ्यातली गोष्ट सांगतो. सेगुंदो घडांना निळ्या पिशव्या घालायचा. कीड मारायचं विष त्या प्लास्टिकातच मुरवलेलं. त्या विषानंच सेगुंदोचं बीज मरत चाललं, घरात पाळणा हलेना. दवाखान्यातून जीवनसत्त्वांच्या सुट्या गोळ्या मिळाल्या. तीच शेवटची आशा. रोज मारियामातेपुढं हात जोडून तो एक गिळायचा. तरी तपासणी पुन्हा वाईटच निघाली. “सिस्टर, खडूच्या गोळ्या देता का हो?” त्याची बायको नुबिया दवाखान्यात जाऊन कडाडली. “ठेवता कुठं?” सिस्टरनं विचारलं. सेगुंदोनं कौतुकानं पुरचुंडी काढली: “ओल लागू नये म्हणून गुंडाळल्यात, ताई.” ती मळ्यातलीच निळी पिशवी होती. नुबियानं ती त्याच्या हातातून हिसकावली. “दुसऱ्या द्या,” तो रडकुंडीला आला, “या खेपेला मुठीत धरून नेईन.” त्या मुठीलाही विषाचाच वास येत होता. केळं सोलताना सेगुंदोला आठवा.