पुंजाजीचं पथ्य

टप्.

गोळीच्या पाकिटाचा आवाज. झोळीतल्या बाळाचा नुकता डोळा लागला होता, सहा वर्षांची पिवू उंबऱ्याशी चिंचोके मांडून बसली होती. घरात तेवढा एकच आवाज झाला. साधनानं मान वर केली. सासू समोर उभी होती. चंद्रभागाबाईंच्या एका तळहातावर पांढरी गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"घे. मंग अंगारा."

साधनानं गोळी गिळली आणि रोजच्यासारखी जीभ वर करून दाखवली. सासूनं वाकून नीट पाहिलं, मगच कागदाची पुडी सोडली आणि चिमूटभर राख तिच्या कपाळाला लावली. आधी गोळी, मग अंगारा. वर्ष होत आलं, एक दिवस खाडा नव्हता. पोळ्याच्या गडबडीत नव्हता, की सोयाबीनच्या काढणीत.

बाळंतपणानंतर साधनाची झोप उडाली होती. हे लेकरू माझं न्हाई, म्हणून ती भिंतीशी भांडायची. गाव म्हणालं, बाहेरचं झालं. सासूनं तिला सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, मेंढरं राखणाऱ्या पुंजाजीकडं नेलं. म्हातारा देवऋषी होता. त्यानं अंगारा दिला आणि पथ्य घातलं. कुणाला तो वांगं वर्ज्य सांगायचा, कुणाला नदी ओलांडणं. साधनाला त्यानं पथ्य घातलं, हिंगोलीच्या डोक्याच्या डॉक्टरकडं जायचं आणि तो देईल ती गोळी रोज घ्यायची. एक दिवस चुकली, तर अंगारा वाया.

दुसऱ्या कुणी दवाखान्याचं नाव काढलं असतं, तर सासू तिथून उठून गेली असती. पथ्य मात्र तिनं जन्मात मोडलं नव्हतं.

दारात चपला वाजल्या. मागच्या आळीतली रूपाबाई धापा टाकत आली.

"चंद्रभागाबाई, थोडा अंगारा द्या माय. आमच्या दिपकच्या बायकोचं बराबर तुमच्या सुनंसारखं झालं. सा दिस डोळ्याला डोळा न्हाई. लेकराला घेईना, एकटीच बोलून राहिली."

"पुंजाजी तर दिवाळीतच गेले गं."

"म्हून तर. दिपक म्हणतो, नदीपल्याडच्या बाबाकडं नेऊ. मिरच्याची धुरी देतो म्हणे. एका बैठकीत काढतो. उद्याला जीप बी सांगितली."

नुसत्या शब्दानंच साधनाचे डोळे चुरचुरले. ती उठून पुढं आली.

"मावशी, मला अंगाऱ्यानं न्हाई, गोळीनं..."

"तू थांब," सासू म्हणाली.

साधना थांबली. ह्याच बाईनं तिला विहिरीच्या कठड्यावरून ओढून आणलं होतं. महिनाभर ती दाराला आडवी झोपली होती. बाळाला साधनाच्या छातीशी धरून स्वतः मागून मिठी मारून बसायची, दोघांनाही धरून. तिच्या देवाला तिच्याच घरात खोटं पाडायचं? आणि गप्प राहावं, तर उद्या जीप निघणार.

चंद्रभागाबाई रूपाबाईसमोर भुईवर बसल्या.

"रूपा, धुरी म्याबी दिली व्हती."

रूपाबाईनं चमकून साधनाकडं पाहिलं.

"ह्याच घरात. पुंजाजीकडं जायच्या आधी. तीन दिस पोरीचे डोळे उघडले न्हाईत. त्या मानसानं ते डोळे पाहिले अन् मला म्हनले, बाई, माझं मेंढरू आजारी पडलं तर म्या त्याला हाणतो का?"

झोळी कुरकुरली.

"अंगारा देते. पन पथ्य हाय. उद्याची जीप हिंगोलीला न्यायची, दवाखान्यात. साधना येईल संग, तिला डॉक्टरची खोली ठाव हाय. आधी गोळी, मंगच अंगारा. न्हाई तर उलटतो."

"उलटतो?"

"तर! पुंजाजीनं बजावलं व्हतं."

"दिपक ऐकंल का पन?"

"डॉक्टरचं म्हनशीन तर न्हाई ऐकायचा. पथ्याचं ऐकंल." चंद्रभागाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "म्या न्हाई का ऐकलं?"

त्या आत गेल्या आणि पुडी घेऊन आल्या. रूपाबाईनं ती कपाळाला लावली, पदराच्या टोकाला घट्ट बांधली. "लई उपकार झाले," म्हणाली आणि आली तशीच लगबगीनं गेली. "सात वाजता जीप हाय गं साधना," तिचा आवाज आळीतून आला.

तांब्या ठेवायला साधना आत गेली. चुलीच्या कोपऱ्यातली राख नुकतीच उकरलेली होती. शेजारी राख गाळलेलं फडकं पडलं होतं. फळीवर पुंजाजीच्या अंगाऱ्याची पितळी डबी उघडीच होती. ती रिकामी होती. आत कोळ्यानं जाळं केलेलं, जुनं, धुळीनं जाड झालेलं.

साधनानं आपल्या कपाळाला बोट लावलं. मग ती बाहेर आली आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आता हे काहून? सण हाय का आज?" चंद्रभागाबाईंनी पाय मागं घेतले. पण त्यांचा हात तिच्या केसांवर राहिला. "ऊठ. उद्याला जायचं तर लेकराची दुपटी वाळू घाल. त्या पोरीजवळ बस जीपमध्ये. खिडकीकडं तू बस, तिला बसू देऊ नको."

"व्हय, आत्याबाई."

चिंचोके मुठीत धरून पिवू कधीची जवळ येऊन उभी होती. आजी झोळीकडं वळायची वाट पाहून तिनं आईचा पदर ओढला आणि कानाशी तोंड आणलं.

"आई, आजीनं तर आपल्या चुलीतली राख दिली. म्या पाहिलं. देव आता आजीवर रागावंल का?"