परसातल्या घोड्या

टिटवाळ्यात शकूच्या घरामागच्या परसात वरातीच्या दोन घोड्या असायच्या. शेजारी सात मजली बिल्डिंग उभी राहिली आणि तिथल्या सेक्रेटरींच्या बायकोला, रसिका मॅडमना, लिदीचा वास सहन होईना. त्यांनी तक्रारींवर तक्रारी केल्या, शेवटी पालिकेची माणसं दारात आली.

"सासऱ्यांच्या वेळपासून घोड्या इथेच आहेत. तुम्ही मागून आलात," शकूनं मॅडमना सुनावलं.

"अगं, पण आता इथे माणसं राहतात," मॅडम म्हणाल्या.

काल शकूच्या नवऱ्यानं दोन्ही घोड्या शहाडला भावाकडे पोचवल्या. टेम्पोत चढताना धाकटी चांदणी अडून बसली, मान वळवून शकूकडे बघत राहिली. आज शकू दिवसभर रिकामा तबेला खराट्यानं खरवडून धूत होती. रडली नाही, नुसती धुमसत होती.

संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून मॅडमची हाक आली. आता बाई चुकले म्हणणार, असं वाटून शकू हात पुसत पुढे गेली.



"अगं शकू, गुलाबांना खत घालायचंय. या महिन्याची लिदीची पिशवी नाही पाठवलीस?"